साय आणि खरवड

"आज्जी, पाय आत घे ना गं. मधे येतोय."

"कुठं घेऊ आत? गुडघा वाकतो का माझा?"

"मग जरा तिकडं तरी सरक."

"मी इथंच बसणार. इथून नीट दिसतं मला."

गौतमीनं कपाळाला हात लावला आणि स्वतःच थोडी डावीकडं सरकली. रविवारची दुपार होती. जेवणं आटोपली होती. माझा मुलगा अरविंद आतल्या खोलीत आडवा झाला होता आणि आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर सतरंजीवर बसलो होतो. मी भिंतीला टेकून, पाय लांब पसरून. ती मांडी घालून, हातात तो दोन मुठींचा कंट्रोलर धरून. अरविंदची झोप मोडू नये म्हणून टीव्हीचा आवाज बंद केला होता. शेजारच्या शेडमध्ये यंत्रमागांचा खडखडाट चालूच होता. पण इचलकरंजीत त्या आवाजानं कुणाची झोप मोडत नाही, तो थांबला की मोडते.

"आज तरी फोडशील का?" मी विचारलं.

"काय?"

"त्याचं ते... हातांचं."

"गार्ड, आज्जी. गार्ड फोडायचा असतो."

"तेच ते. फोडशील ना?"

ती कंट्रोलरवर नुसते अंगठे फिरवत राहिली. एरवी ही पोर कुणाला उत्तर दिल्याशिवाय सोडायची नाही. गप्प बसली म्हणजे घाबरली, हे मला ठाऊक होतं.

आम्ही वाट बघत होतो ती हेरंबची. हेरंब म्हणजे माझा नातू, गौतमीचा मोठा भाऊ. त्याला घर सोडून तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं आणि तो कुठं आहे हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

या दोघांची आई फार लवकर गेली. गौतमी तेव्हा रांगत होती. दोघांना मीच वाढवलं. अरविंदचं मागाच्या सुट्या भागांचं दुकान. तो सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा. बोलणं कमी, राग जास्त. हेरंबनं इंजिनीअरिंग शेवटच्या वर्षाला सोडून दिलं आणि घरी सांगितलं नाही. अरविंदला ते दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं. त्या संध्याकाळी त्यानं पोरावर हात उगारला. हेरंब बापापेक्षा हातभर उंच झालेला. त्यानं तो हात वरच्या वर धरला. मारलं नाही, ढकललं नाही, तोंडातून शब्द काढला नाही. नुसतं मनगट धरून उभा राहिला.

"बापाचा हात धरतोस?" अरविंद म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली गेला होता की मला भीती वाटली. "चल, नीघ."

हेरंबनं हात सोडला, चपला घातल्या आणि निघाला. कोपऱ्यावरच्या दुकानातून येईल परत, असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन बंद लागायला लागला, तो बंदच राहिला. अरविंदनं नंतर त्याचं नाव घेतलं नाही आणि कुणाला घेऊ दिलं नाही.

आणि मग एका रविवारी गौतमी स्वयंपाकघरात धावत आली. तिचे डोळे एवढाले झाले होते.

"आज्जी, साय आलीय!"

"दूध तापवलंय कुणी?"

"दुधावरची नव्हे गं! आपली साय! खेळात!"

ही नावांची गोष्ट सांगायला हवी. हेरंब लहान असताना मी त्याला 'माझ्या दुधावरची साय' म्हणायची. गौतमी बोलायला लागली तसं तिनं एकदा विचारलं, "मग मी कोण?" हेरंब म्हणाला, "तू खरवड. पातेल्याच्या बुडाला चिकटलेली." आता ही भोकाड पसरणार, असं मला वाटलं. पण तिला खरवड भारी आवडायची. चमचा घेऊन पातेल्याशी तासभर बसायची. तिनं ते नाव मिरवलं. पुढं घरात खेळाचा डबा आला, त्यात खेळणाऱ्यांची नावं टाकायची होती, तेव्हा दोघांनी हीच टाकली. साय आणि खरवड.

खेळ मारामारीचा. पडद्यावर एक आखाडा आणि त्यात समोरासमोर दोघं. हेरंबचा गडी टक्कल पडलेला, रुंद छातीचा, कमरेला पंचा गुंडाळलेला. गौतमीची एक सडसडीत बाई, लांब वेणी, दोन्ही हातांत आखूड काठ्या. त्यांची खरी नावं कुठल्या परक्या भाषेतली होती, ती माझ्या जिभेवर बसली नाहीत. मी टकल्या आणि वेणीवाली म्हणायची. लहानपणी दोघं भावंडं याच सतरंजीवर, माझ्या दोन्ही बाजूंना बसून खेळायची. नंतर इंटरनेट आलं आणि तो खेळ कुठूनही, कुणाशीही खेळता यायला लागला. पलीकडचा माणूस कोणत्या गावात बसलाय हे मात्र कळत नाही. नुसतं नाव दिसतं.

त्या दिवशी साय हे नाव दिसलं आणि गौतमीनं लगेच निरोप लिहिला. कंट्रोलरनं एकेक अक्षर शोधून, इंग्रजी लिपीत. 'कुठे आहेस?' उत्तर नाही. 'आज्जी वाट बघते.' उत्तर नाही. मग या कार्टीनं लिहिलं, 'आज्जीला बरं नाही.' त्यावर मात्र तत्काळ उत्तर आलं. 'काय झालं?'

गौतमीला खोटं रेटता आलं नाही. 'गुडघा. जुनाच,' असं तिनं लिहिलं.

मग बराच वेळ काही नाही. शेवटी दोन शब्द आले. 'घरचा नियम.'

घरचा नियम असा, की हरेल त्यानं एका प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं. एकाच. फुटलेल्या बरण्या आणि लपवलेले मार्क मला त्यांच्या लहानपणी याच वाटेनं कळायचे. गौतमी हरली की हेरंब तिच्याकडून काढून घ्यायचा आणि मला येऊन सांगायचा. आता त्यानं तीच अट घातली होती. मला हरव, मग विचार. आणि रविवारी एकच डाव.

म्हणून दर रविवारी आम्ही दोघी अशा बसत होतो. अरविंदला काही सांगितलं नव्हतं.

आणि दर रविवारी गौतमी हरत होती.

ती वाईट खेळायची असं नाही. तिच्या हातात वीज होती. वेणीवाली अशी फिरायची की माझी नजर मागं राहायची. पण टकल्या तिला काही करूच द्यायचा नाही. डाव सुरू झाला की तो एकच ठोसा मारायचा. एकच, पण लागायचाच. आणि मग दोन्ही हात तोंडासमोर आडवे धरून उभा राहायचा. डोक्यावर काठी आली की हात वर, पायांवर आली की खाली. ती जवळ जाऊन धरायला गेली की एक हिसडा देऊन सुटायचा. वर घड्याळ चालू असायचं. ते संपलं की ज्याची ताकद जास्त उरली तो जिंकला. त्याची त्या एका ठोशापुरती जास्त असायची.

"खडूस आहे नुसता," गौतमी म्हणायची. "हे काय खेळणं झालं? भिंतीशी मारामारी करायलोय आपण."

भिंत फोडायला एक वाट होती, तीही तिनंच मला समजावली होती. प्रत्येक गड्याच्या पायाशी एक निळी पट्टी असते. आडव्या हातांवर मार बसला की ती थोडी थोडी खाली येते. पार संपली की गार्ड फुटतो. हात लोंबायला लागतात, गडी झोकांड्या खातो आणि मग हवं तेवढं मारा. पण मारणाऱ्यानं क्षणभर जरी दम खाल्ला तरी पट्टी पुन्हा भरते.

"म्हणजे थांबायचं नाही," मी म्हटलं होतं.

"अजिबात नाही. श्वास घेतला की गेलं."

हेरंबला मात्र ती कुठं श्वास घेणार हे आधीच कळायचं. मी खेळातली काही जाणकार नव्हे, पण आयुष्यभर हातांचीच कामं बघत आले. मागावरचे हात, शेवया वळणारे हात. त्या टकल्याच्या हातांकडं बघताना मला आपण काहीतरी भारी बघतोय असं वाटायचं. त्याला घाई नव्हती, राग नव्हता. काठी यायच्या आधी हात तिथं पोचलेला असायचा. मध्येच मला ती संध्याकाळ आठवायची, उगारलेला हात आणि वरच्या वर धरलेलं मनगट. मग मी पदरानं चष्मा पुसायची आणि पुन्हा बघायची.

हा रविवार वेगळा होता, कारण तो शेवटचा होता. कंपनीनं तो खेळ महिनाअखेर बंद करायचं ठरवलं होतं. तशी सूचना खेळ लावला की आधी पडद्यावर यायची. पुढच्या रविवारी आखाडा असणार नव्हता, टकल्या नव्हता, आणि साय हे नाव दिसायची जागाच उरणार नव्हती.

"आला," गौतमी म्हणाली आणि ताठ झाली.

पडद्यावर साय हे नाव उमटलं होतं. दोघं आखाड्यात उभे राहिले. घड्याळ सुरू झालं.

टकल्यानं पुढं येऊन त्याचा तो एक ठोसा मारला. वेणीवालीनं तो चुकवायचा प्रयत्न केला, पण खांद्यावर बसलाच. मग तो मागं सरला आणि हात आडवे धरले.

"सुरू झाला बघ, मंदिराचा खांब," गौतमी दातओठ खात म्हणाली.

"बोलू नको. मार."

तिनं मारायला सुरुवात केली. त्या दिवशी ती जशी खेळली तशी मी तिला कधीच बघितली नव्हती. वर, खाली, वर, वर, खाली, मध्येच एक गिरकी. ती दम खाईना. निळी पट्टी उतरायला लागली. अर्धी झाली. टकल्या हळूहळू मागं सरत होता. आखाड्याच्या कडेला त्याची पाठ लागली.

"गौतमे, उतरतेय गं!"

"आज्जी, हळू! पप्पा उठतील!"

मी तोंडावर पदर धरला. गौतमीचं अंग आता अंगठ्यांबरोबर हलत होतं. वेणीवाली उजवीकडं गेली की ही उजवीकडं कलायची. मांडी केव्हाच मोडली होती, गुडघ्यांवर उभी राहून ती टीव्हीच्या अंगावर जात होती. टकल्याची निळी पट्टी दोऱ्याएवढी उरली. बोटभरसुद्धा नाही, खरंच दोऱ्याएवढी. आणखी एक फटका हवा होता. गौतमीनं तो मारायला सगळं अंग फेकलं, पाय मागं झाडला, आणि तिची टाच माझ्या दुखऱ्या गुडघ्यावर बसली.

मी ओरडले असणार. आणि गौतमीनं कंट्रोलर खाली टाकला.

टाकला म्हणजे टाकलाच. सतरंजीवर. वळली, माझ्या पायाला हात लावला, तो हात कपाळाला लावला. ते तिनं ठरवून केलं नव्हतं. माझ्या घरात पाय लागला की नमस्कार, याला अपवाद नव्हता. ताप असो, परीक्षा असो, पाहुणे असोत. चालायला लागल्यापासून दोघांच्या अंगात तेच मुरलेलं.

"अगं बये, आत्ता कसला नमस्कार!" मी किंचाळले. "बघ तिकडं!"

पडद्यावर वेणीवाली हात खाली सोडून उभी होती. उघडी. आणि टकल्यानं मूठ मागं खेचली होती. एवढ्या रविवारांत दुसऱ्यांदा मारायला त्यानं हात उचललेला मी पहिल्यांदाच बघत होते. त्या मुठीत काय ताकद आहे हे आम्हाला दोघींना माहीत होतं. संपलं, असं मी मनात म्हटलं. मी डोळे मिटायला हवे होते, पण मिटता आले नाहीत.

मूठ आली नाही.

मागं खेचलेला तो हात तसाच राहिला आणि मग सावकाश खाली आला. दुसराही आला. टकल्या एक पाऊल मागं सरला आणि दोन्ही हात बाजूला सोडून उभा राहिला. मी त्याची छाती तोपर्यंत कधी बघितलीच नव्हती. ती नेहमी हातांआड असायची.

गौतमीनं कंट्रोलर उचलला होता, पण बटण दाबलं नव्हतं.

"नेट गेलं वाटतं त्याचं," ती म्हणाली.

"गेलं तर असा दिसतो?"

"नाही. चित्र गोठतं." ती पुढं वाकली. टकल्याची छाती वरखाली होत होती. तो या पायावरून त्या पायावर भार घेत होता, जिवंत माणूस वाट बघत उभा राहतो तसा. वर घड्याळ चालू होतं.

"मग तो काय करायलाय?"

गौतमीनं मान वळवली. ती माझ्या पायाकडं बघत होती.

"आज्जी," ती अगदी हळू म्हणाली. "नमस्काराला मार नाही."

"काय?"

"आमचा नियम होता. तुझा पाय सारखा मधे असायचा ना. पाय लागला की कंट्रोलर सोडून नमस्कार करायला लागायचा, आणि तेवढ्यात दुसरा मारून घ्यायचा. त्यावरून आम्ही इतके भांडायचो. मग हेरूनं ठरवलं. एकानं नमस्कार केला की दुसऱ्यानं हात खाली सोडून उभं राहायचं. नमस्काराला मार नाही."

मी टीव्हीकडं बघितलं. मग माझ्या पसरलेल्या पायाकडं बघितलं. मग पुन्हा टीव्हीकडं. कोणत्या गावात, कोणत्या खोलीत बसला होता तो, देव जाणे. त्याला आम्ही दिसत नव्हतो. आमचा आवाज त्याला जात नव्हता. एक चित्रातली बाई क्षणभर हलायची थांबली, एवढंच त्याला दिसलं होतं. माझ्या अंगावर काटा आला. देवळात जाऊनसुद्धा मला कधी तसं झालं नव्हतं.

"आता खेळ," मी म्हटलं. "नमस्कार झाला ना तुझा? घड्याळ संपतंय."

तिनं वेणीवालीला एक पाऊल पुढं घेतलं. टकल्यानं हात वर घ्यायला हवे होते. नियम नमस्कारापुरताच होता. त्यानं घेतले नाहीत. तिनं काठीनं जरासं डिवचलं, लहान मुलाला टपली मारावी तसं. त्याची ताकद थोडी उतरली. हात खालीच.

"आज्जी, तो अडवतच नाहीये."

"मग मार."

"असं कसं मारू? गार्ड फुटलेला नाहीये. पट्टी अजून आहे बघ त्याची. असं नाही जिंकायचं मला."

"गौतमी, मार."

"आज्जी!"

"मार म्हणते ना. त्याला हरायचंय."

गौतमीनं माझ्याकडं बघितलं. तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची असेल, पण त्या क्षणी मला तिच्या डोळ्यांत ती पातेलं खरवडणारी पोर दिसली. मग तिनं नाक वर ओढलं, टीव्हीकडं वळली आणि मारलं. रडत रडत, एकामागून एक, सगळं येत होतं ते. टकल्यानं एकही फटका अडवला नाही. शेवटच्या फटक्याला तो गुडघ्यांवर आला, पुढं वाकला आणि आखाड्याच्या जमिनीला कपाळ टेकून पडला. तो खेळ तसाच बनवलेला होता, हरलेले सगळे तसेच पडायचे. मी हात जोडले तरीही.

पडद्यावर मोठ्या अक्षरांत खरवड जिंकल्याचं आलं.

"विचार!" मी म्हटलं. "लवकर विचार, जाईल नाहीतर!"

"थांब, लिहिते." तिनं कंट्रोलर सरसावला. "काय लिहू?"

प्रश्न केव्हाचा ठरलेला होता. कितीतरी रविवार तो आम्ही तोंडात घोळवत बसलो होतो. कुठे आहेस. दोन शब्द. पण माझ्या डोळ्यांपुढून ते खाली आलेले हात हलत नव्हते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं,

"त्याला विचार, तुला कसं कळलं?"

गौतमीनं तेच लिहिलं. बिचारी माझं ऐकायच्याच नादात होती. लिहून पाठवलं आणि मग थबकली.

"आज्जी," ती म्हणाली. "आज्जी, एकच प्रश्न होता आपल्याला."

मी तोंडावर हात ठेवला.

"कुठे आहेस, हे विचारायचं होतं ना गं आपल्याला! आता खेळच बंद होणार, आज्जी!"

एवढं सगळं करून मी घालवलं होतं. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं उमटली आणि गौतमी रडायचं थांबून वाचायला लागली.

"'नेट गेलं असतं तर चित्र अडखळलं असतं. ती नुसती उभी राहिली. हात पायाला आणि हात कपाळाला, तेवढाच वेळ. दुसरं काय असणार?'"

थोड्या वेळानं पुढचं आलं.

"'आज्जी पाय पसरून शेजारी बसलीय असं धरूनच खेळत होतो. इतक्या रविवारांत एकदाही लागला कसा नाही?'"

"लबाड," मी म्हटलं. "त्या एका ठोशानंतर कधी मारत नव्हता तो. त्याला विचार, मारत का नव्हता?"

"आज्जी, प्रश्न संपलाय आपला."

पण उत्तर आपोआप आलं. गौतमीनं ते आधी मनात वाचलं. मग मला सांगितलं.

"म्हणतोय, 'मारलं असतं तर डाव लवकर संपला असता. घड्याळ चालू असेपर्यंत तुम्ही इथं असता.'"

शेजारचे माग खडखडत होते. आम्ही दोघी पडद्याकडं बघत बसलो. डाव संपल्यावर त्या खेळात दोघंही गडी पुन्हा उठून समोरासमोर उभे राहतात आणि खाली विचारलेलं असतं, आणखी एक खेळणार का. टकल्या उठून उभा राहिला होता.

"उतरायचं कुठं, ते विचार."

आम्ही दोघी दचकून वळलो. अरविंद दारात उभा होता. बनियन आणि लुंगी, केस विस्कटलेले. केव्हापासून उभा होता कुणास ठाऊक. डाव्या हातानं त्यानं स्वतःचं उजवं मनगट धरलं होतं.

गौतमीनं डोळे पुसले. "पप्पा, एकच प्रश्न असतो. तो आज्जीनं वाया घालवला."

"वाया नाही गेला," अरविंद म्हणाला.

"आता परत विचारायचं तर परत हरवायला लागेल त्याला."

"मग हरव की."

"तो असा हरत नसतो हो."

"माहीत आहे मला," अरविंद म्हणाला. तो आत आला, माझ्या पायांपलीकडं सतरंजीच्या टोकावर बसला. येताना त्याचा पाय माझ्या पायाला लागला. त्यानं वाकून हात लावला, कपाळाला नेला आणि टीव्हीकडं बघत राहिला. "लिही. म्हणावं, पप्पा विचारतायत. एसटीनं येणार. उतरायचं कुठं?"

गौतमीनं एकेक अक्षर शोधत लिहिलं. पाठवलं.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. आता मी ऐंशी पार केली आहे. पुढं काय काय झालं, कोण कुणाशी किती दिवस तुटक बोललं, कोण आधी हसलं, ते सगळं घरात होतं तसं झालं. पण ती वाट बघणं मला कालच्यासारखं आठवतं. अरविंदची नजर पडद्यावरून हलत नव्हती. पडद्यावर टकल्या या पायावरून त्या पायावर भार घेत होता.

अक्षरं आली. या वेळी गौतमीनं मोठ्यानं वाचली.

"'चिपळूण. स्टँडवर उतरा. मी येतो घ्यायला.'"

अरविंदनं मान हलवली, उठला आणि आत गेला. कपाटावरची बॅग ओढल्याचा आवाज आला, मग ती खाली ठेवल्याचा. मग त्यानं आतूनच विचारलं, "आई, तुझा गुडघा एसटीत टिकेल का?"

"टिकवते," मी म्हटलं.

गौतमीनं कंट्रोलर मांडीवर ठेवला. "बंद करू का गं आता?"

"नको. राहू दे थोडा वेळ."

खाली अजून विचारलेलं होतं, आणखी एक खेळणार का. दोन्हीकडून कुणीच काही दाबत नव्हतं. वेणीवाली उभी होती. तिच्यासमोर टकल्या उभा होता, आणि त्याचे हात खालीच होते.